निवेदकाविना 'पीटर अँड द वुल्फ'

मुलांना गोष्ट दाखवायची तर शेजारी बसून ती समजावूनही सांगितली पाहिजे, अशी मोठ्या माणसांची पक्की समजूत असते. सेर्गेई प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकाराने 1936 साली 'पीटर अँड द वुल्फ' ही संगीतकथा रचली, तेव्हा त्यानेही हाच रिवाज पाळला होता. मॉस्कोतील मुलांच्या नाट्यगृहाच्या संचालिका नतालिया सात्स यांच्या मागणीवरून, मुलांना वाद्यवृंदातली वाद्ये ओळखता यावीत म्हणून लिहिलेल्या या रचनेत एक निवेदक असतो. तो गोष्टीतली दोन-चार वाक्ये सांगतो, वाद्यवृंद तेवढा भाग वाजवून दाखवतो, आणि असे करत करत पीटर नावाचा मुलगा लांडग्याला पकडून मिरवत प्राणिसंग्रहालयाकडे नेतो. गेली कित्येक दशके ही रचना जगभर याच पद्धतीने सादर होत आली आहे; डिस्नेने 1946 साली तिच्यावर व्यंगचित्रपट केला, तेव्हाही निवेदक होताच. सुझी टेम्पलटन या ब्रिटिश दिग्दर्शिकेने मात्र 2006 साली याच संगीतावर स्टॉप मोशन पद्धतीचा, म्हणजे बाहुल्या किंचित हलवत एकेक चौकट टिपण्याच्या तंत्राचा, लघुपट करताना निवेदकालाच रजा दिली. सुमारे 32 मिनिटांच्या या चित्रपटात एकही संवाद नाही, एकही निवेदन नाही, आणि गोष्ट समजून घेण्यात कुठेही अडचण येत नाही.

या चित्रपटाला 2008 साली सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेटेड लघुपटाचे ऑस्कर मिळाले आणि त्याआधीच्या वर्षी फ्रान्समधल्या आनसीच्या अ‍ॅनिमेशन महोत्सवात सर्वोच्च पुरस्कारही मिळाला. त्यामुळे त्याची शिफारस करण्यात मी काही मोठा शोध लावत आहे, असा दावा नाही. तरीही ठाण्यात, पोखरण रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीच्या सभागृहात, प्रोजेक्टर लावून पंधरा-वीस मुले आणि त्यांच्याइतकेच पालक यांच्यासोबत तो पाहिल्यावर त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, याचे कारण त्याची नि:शब्दता. शब्द नसलेले चित्रपट अनेकदा एखादी करामत केल्याच्या थाटात आपले मौन मिरवतात. इथे तसे होत नाही. पीटर बोलत नाही, कारण त्याला बोलण्यासारखे माणूसच नाही. आजोबा आहेत, पण ते हुकूम सोडणारे आहेत. गावात पोरे आहेत, पण ती त्याला छळणारी आहेत. मूळ रचनेतला पीटर हा सोव्हिएत बालसंघटनेचा धीट, उत्साही सदस्य आहे आणि लांडग्यांना भिऊन कसे चालेल, असे तो आजोबांना ठणकावून सांगतो. टेम्पलटनचा पीटर आजच्या काळातल्या रशियातला, गावाबाहेर मोडकळीस आलेल्या घरात राहणारा, फिकट चेहऱ्याचा, मोठ्या निळ्या डोळ्यांचा आणि क्वचितच हसणारा मुलगा आहे. शब्द काढून घेण्याचा निर्णय पात्राच्या स्वभावातून आल्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच तो पटतो.

आपल्याकडे बाहुली म्हटली की ती बोलणार, हे जवळजवळ ठरलेले आहे. रामदास पाध्ये यांच्या मांडीवरचा अर्धवटराव पाहत मोठ्या झालेल्या पिढीला बाहुलीचे सारे चातुर्य तिच्या जिभेत असते असे वाटले, तर त्यात नवल नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातल्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्यांच्या खेळातही दोऱ्या ओढणारा माणूस पडद्याआडून कथा गातो, सांगतो, आणि बाहुल्या त्याच्या आवाजावर नाचतात. स्टॉप मोशनमधली बाहुली याहून वेगळ्या जातीची आहे. तिला हलवणारा हात कॅमेऱ्याच्या दोन टिपणांच्या मधल्या वेळेत येतो, बोट किंवा पापणी केसभर सरकवतो आणि चौकटीतून निघून जातो. प्रेक्षकाला दिसते ती त्या हाताच्या मागे उरलेली हालचाल. सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर 32 मिनिटांच्या चित्रपटात 46 हजारांहून अधिक चौकटी होतात, आणि बाहुली दर दोन चौकटींमागे एकदाच हलवली असे मानले तरी हात तेवीस हजार वेळा आत-बाहेर करतो. मराठी माणसाला या कष्टाचे अगदीच अप्रूप वाटू नये, कारण दादासाहेब फाळके यांनी 1912 साली कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच चौकटी-चौकटीने टिपून भांडवलदाराला चित्रपटकलेची ताकद दाखवली होती आणि 1915 साली 'आगकाड्यांची मौज' या छोट्या चित्रपटात काड्यांना असेच चालते-फिरते केले होते. हा वारसा आपण पुढे फारसा वाढवला नाही, ही खंत वेगळी.

या पद्धतीचे खरे आकर्षण असे की पडद्यावर दिसणारी वस्तू कुठेतरी प्रत्यक्षात होती. लोकर ही लोकर आहे, लाकूड हे लाकूड आहे, आणि त्यांच्यावर पडलेला प्रकाश खऱ्या दिव्याचा आहे. संगणकावर घडवलेल्या चित्रपटात लांडग्याच्या अंगावरचा प्रत्येक केस हिशेबाने डोलतो. स्टॉप मोशनमध्ये मात्र बाहुली हलवताना बोटांचा स्पर्श केसाळ अंगाला होतोच, आणि पुढच्या चौकटीत ते केस किंचित वेगळ्या दिशेला झुकलेले असतात. सलग पाहताना त्यामुळे प्राण्याच्या अंगावरून वारा गेल्यासारखी एक बारीक शिरशिरी सतत उठत राहते. जुन्या काळी हा दोष मानला जात असे. बर्फाने गोठलेल्या रानात घडणाऱ्या या गोष्टीत तोच दोष कामाला आला आहे, कारण सगळे प्राणी थंडीने कुडकुडत असल्याचा भास त्यातून आपोआप होतो. दिग्दर्शिकेने हे हेतुपुरस्सर केले की नाही, हे शोधण्याची मला गरज वाटली नाही. परिणाम नेमका आहे, एवढे पुरे.

डोळ्यांविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण चित्रपटाचे निम्मे काम डोळ्यांनी केले आहे. स्टॉप मोशनमध्ये बोलणारे पात्र असेल, तर प्रत्येक उच्चारासाठी ओठांचा निराळा आकार तयार ठेवावा लागतो आणि ते तोंड बदलण्याच्या खटाटोपात प्रेक्षकाचेही लक्ष ओठांवर जाते. इथे ओठ जवळजवळ बंदच असल्यामुळे आपण आपोआप डोळ्यांकडे पाहू लागतो. पीटर कुंपणाच्या फटीतून रानाकडे पाहतो, त्या प्रसंगात त्याचा चेहरा पूर्ण स्थिर आहे. हलते ती फक्त नजर, आणि तीही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सहज न फिरता मध्येच अडखळते, जणू पलीकडे काहीतरी हलले. पलीकडे काय आहे हे आपल्याला लगेच दाखवलेले नाही. या दोन-तीन सेकंदांत मुलाची उत्सुकता, त्याचे कोंडलेपण आणि रानाचे आकर्षण या तिन्ही गोष्टी सांगून झाल्या. निवेदक असता तर त्याला 'पीटरला बाहेर जावेसे वाटत होते' असे म्हणावे लागले असते, आणि ते वाक्य खरे असूनही या नजरेपुढे पोकळ वाटले असते.

शब्द नाहीत याचा अर्थ आवाज नाहीत असा नव्हे. उलट सुरुवातीची काही मिनिटे चित्रपट प्रोकोफिएव्हचे संगीतही मागे ठेवतो. तोपर्यंत ऐकू येतात ते वारा, पावलांखाली दबणारा बर्फ, लाकडाची करकर, आजोबांचे खाकरणे आणि गावातल्या रस्त्यावरचे आवाज. जगप्रसिद्ध संगीत हाताशी असताना ते इतका वेळ रोखून धरण्यासाठी धाडस लागते. मग पीटर बंदी मोडून कुंपणाचे दार उघडतो आणि त्या सुमारास तंतुवाद्यांवरची त्याची सुपरिचित धून सुरू होते. मूळ रचनेतही दार उघडून हिरव्या कुरणावर जाण्यापासूनच गोष्ट सुरू होते, त्यामुळे संगीताची जागा बदललेली नाही. बदल एवढाच की दार उघडण्यापूर्वीचे आयुष्य किती कोंदट आणि बेसूर होते, हे आपण आधी ऐकलेले असते. संगीत सुरू झाल्यावर सभागृहातल्या एरवी चुळबुळ करणाऱ्या मुलांची मानेची ठेवणच बदलली, हे मी मागच्या रांगेतून स्पष्ट पाहिले.

प्रोकोफिएव्हने प्रत्येक पात्राला एकेक वाद्य नेमून दिले आहे: पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, मांजराला क्लॅरिनेट, आजोबांना बॅसून, लांडग्याला तीन फ्रेंच हॉर्न, पीटरला तंतुवाद्ये आणि शिकाऱ्यांच्या बंदुकांना टिंपनी व मोठा ढोल. निवेदक असलेल्या प्रयोगात ही नेमणूक आरंभीच समजावून सांगितली जाते. चित्रपटात ती कोणी सांगत नाही, आणि तरीही पाच मिनिटांत ती कानाला पाठ होते. याचे श्रेय बाहुल्या हलवणाऱ्यांना आहे. मांजर घ्या. हे मांजर गलेलठ्ठ, आळशी आणि स्वत:च्या चपळाईविषयी गैरसमज बाळगणारे आहे. क्लॅरिनेटच्या खालच्या सुरातल्या तुटक, दबक्या स्वरांवर त्याचे एकेक पाऊल असे पडते की तोच आवाज त्याच्या पंजातून निघतो आहे असे वाटावे. आपल्याकडे क्लॅरिनेट प्रामुख्याने लग्नाच्या वरातीतल्या बँडमध्ये, तीही वरच्या पट्टीत आणि पूर्ण जोरात ऐकलेली असते. तेच वाद्य दबा धरूनही बसू शकते, हे अनेक पालकांना त्या संध्याकाळी प्रथमच कळले असावे.

बदक आणि पक्षी यांच्या बाबतीत टेम्पलटनने मूळ गोष्टीला हात लावला आहे, आणि तो लावणे योग्यच होते. बदक हे इथे पीटरचे एकमेव सोबती आहे. त्याच्या चालण्यात एक लाजिरवाणा डौल आहे, आणि ओबोचा किंचित अनुनासिक सूर त्या चालीला इतका शोभतो की पुढे त्याचे जे होते त्याने मुलांना खरोखर वाईट वाटते. पक्षी म्हणून बासरीच्या सुरावर भुर्रकन उडणारी एखादी गोजिरवाणी चिमणी न घेता पंख दुखावलेला कावळा घेतला आहे. मानेभोवती करडा आणि बाकी काळा असा हा युरोपातला कावळा मासुंदा तलावाच्या काठावर बसलेल्या आपल्या कावळ्याचा चुलतभाऊच दिसतो, आणि त्याचा आगाऊपणाही तसाच आहे. त्याला नीट उडता येत नाही. त्याच्या अंगाला दोरीने एक फुगा अडकलेला आहे, आणि त्याच्या आधाराने तो कसाबसा हवेत राहतो. बासरीच्या त्या अतिशय चपळ, नाचऱ्या ताना आणि पडद्यावर फुग्याला लटकलेला, धडपडणारा पक्षी यांच्यातली विसंगती हा चित्रपटातला सर्वांत उत्तम विनोद आहे. संगीतातून ऐकू येते ते कावळ्याच्या मनातले उड्डाण. डोळ्यांना दिसते ते प्रत्यक्षातले. निवेदकाला हा विनोद समजावून सांगताच आला नसता, सांगितला असता तर तो मेला असता.

आता त्या कुंपणाविषयी. आजोबांनी घराभोवती उंच कुंपण घातले आहे, दाराला कुलूप आहे, आणि पलीकडे लांडग्याचे रान आहे. ठाण्यात, विशेषत: येऊरच्या डोंगराला पाठ लावून उभ्या राहिलेल्या वस्त्यांमध्ये हा चित्रपट पाहणाऱ्याला या मांडणीची ओळख करून देण्याची गरज पडत नाही. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे झाडी सुरू होते आणि ती पुढे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला जाऊन मिळते. भिंतीची उंची किती असावी, तिच्यावर तारा लावाव्यात की काचा, हा वार्षिक सभेतला कायमचा विषय आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये बिबट्या समतानगर भागातल्या एका मॉलच्या आवारात शिरला होता आणि पुढे जवळच्या एका हॉटेलच्या तळघरात त्याला भुलीचे औषध देऊन पकडले, ही बातमी ठाणेकरांच्या चांगली लक्षात आहे. त्या दिवशी मोबाईल उंचावून गर्दी करणाऱ्यांचे चेहरे ज्यांनी वाहिन्यांवर पाहिले असतील, त्यांना या चित्रपटात पिंजऱ्यातल्या लांडग्याभोवती जमलेली माणसे फार ओळखीची वाटतील. मूळ रचनेत इथे विजयाची मिरवणूक आहे. टेम्पलटनने तीच मिरवणुकीची धून ठेवून तिच्याखालचे चित्र बदलले आहे. पीटर आणि लांडगा समोरासमोर येतात, पुन्हा एकदा सगळे काम डोळ्यांवर सोपवले जाते, आणि पुढे जे घडते ते मी इथे सांगणार नाही. एवढेच नोंदवतो की वाजत असलेला विजयाचा सूर कोणाच्या विजयाचा, हा प्रश्न त्या क्षणी पडतो आणि त्याचे उत्तर 1936 च्या मूळ गोष्टीपेक्षा वेगळे आहे.

चित्रपटात उणिवा नाहीत असे मुळीच नाही. पीटरला छळणारी दोन पोरे, जी मूळ गोष्टीतल्या शिकाऱ्यांच्या जागी आली आहेत, ती फारच एकसुरी आहेत. आजोबांना कडक असूनही थोडा जीव आहे, त्यांच्या भीतीमागे प्रेम आहे हे त्यांच्या वाकलेल्या पाठीतून कळते. या पोरांना मात्र दुष्टपणाखेरीज दुसरे काही करायला दिलेले नाही, आणि इतक्या बारकाईने घडवलेल्या जगात ती पुठ्ठ्यातून कापल्यासारखी वाटतात. लांडग्याला पकडण्याचा प्रसंगही घाईत उरकला आहे. दोरी कुठून कुठे गेली, पीटर नेमका कुठे उभा आहे, हे समजेपर्यंत लांडगा अडकलेला असतो. संगीताची लांबी ठरलेली असल्यामुळे दिग्दर्शिकेला तिथे जागा कमी पडली असणार, पण प्रेक्षकाने ही सबब का ऐकून घ्यावी? सुरुवातीचा संगीताविना भाग मला अत्यंत आवडला असला, तरी पाच वर्षांखालच्या मुलांना तो जड जातो. आमच्याकडे दोन लहानगी तेवढ्यात आईच्या मांडीवर झोपून गेली. शिवाय या चित्रपटाचा प्रकाश मुद्दाम मंद, करडा ठेवलेला आहे. मोबाईलच्या पडद्यावर, त्यातही दिवसा, अर्ध्या गोष्टी दिसणारच नाहीत.

याहून मोठी अडचण चित्रपटातली नव्हती, आमच्या सभागृहातली होती. पडद्यावर कोणी बोलत नाही हे लक्षात येताच काही पालकांना ती जागा भरून काढण्याची जबाबदारी आपली आहे असे वाटू लागले. "बघ हं सोनू, आता लांडगा येणार," "तो बघ, तो बघ, बदकाला खाणार आता," "हे आजोबा आहेत बरं का, ते रागावलेत," असे धावते समालोचन दोन-तीन ठिकाणांहून सुरू झाले. दिग्दर्शिकेने विचारपूर्वक काढून टाकलेला निवेदक इतक्या तत्परतेने पुन्हा हजर झालेला पाहून हसावे की रडावे कळेना. लांडगा प्रथम दिसतो त्या प्रसंगात तो झाडांच्या मधून, जवळजवळ आवाज न करता येतो. आपल्या लक्षात येण्यापूर्वी तो चौकटीत असतो. हा सारा परिणाम माझ्या पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी पाच सेकंद आधीच जाहीर करून टाकला. त्यांचा हेतू चांगला होता, मुलगा घाबरू नये एवढीच त्यांची इच्छा होती. पण घाबरणे हा त्या गोष्टीतला मुलाचा हक्काचा वाटा होता.

मुलांना या मदतीची गरज नव्हती. मध्येच एका मुलाने जरा मोठ्याने विचारले, "पण हा पीटर बोलत का नाही?" त्यावर दुसरी-तिसरीतली एक मुलगी पडद्यावरची नजर न हटवता म्हणाली, "अरे, त्याला कोणी काही विचारतंय का?" या चित्रपटावर मी वाचलेल्या परीक्षणांपैकी कशातही इतके नेमके विधान मला आढळले नाही. चित्रपट संपल्यानंतर मुलांनी आपापसांत घातलेला वादही ऐकण्यासारखा होता: बदकाचे शेवटी काय झाले, लांडगा वाईट होता की भुकेला होता, कावळ्याने फुगा सोडून उडायला हवे होते की नाही. मूळ रचनेत लांडग्याच्या पोटातून बदकाचा आवाज ऐकू येतो, असे सांगून निवेदक मुलांना थोडा दिलासा देतो. इथे तसा दिलासा शब्दांत कोणी देत नाही, त्यामुळे प्रत्येक मुलाने आपापला निकाल लावला आणि तो दुसऱ्याला पटवण्याचा कसून प्रयत्न केला.

वयाविषयी विचारणाऱ्या पालकांसाठी माझे मत असे की सहा-सात वर्षांपुढच्या मुलांना हा चित्रपट खुशाल दाखवावा. त्याहून लहान असतील, तर बदकाचा प्रसंग आणि गावातली मारझोड त्यांना त्रास देऊ शकते. हा चित्रपट गोड नाही. टेम्पलटनने विद्यार्थिदशेत केलेले 'स्टॅन्ली' आणि 'डॉग' हे बाहुलीपटही मुलांसाठी नव्हतेच, आणि त्यांतला काळोख इथेही थोडा झिरपलेला आहे. बाहुल्या आणि देखावे पोलंडमधल्या वुच शहरातल्या सेमाफोर या जुन्या स्टुडिओत उभे राहिले, जिथे बाहुलीपटांची परंपरा मुळातच प्रौढांनाही गृहीत धरणारी होती. म्हणूनच तेरा-चौदा वर्षांच्या, 'हे लहान मुलांचं आहे' असे म्हणून नाक मुरडणाऱ्या मुलांनाही तो धरून ठेवतो. आमच्याकडे अशी तीन-चार जण मागे भिंतीला टेकून उभी होती. दहा मिनिटांनी त्यांनी खुर्च्या घेतल्या.

तांत्रिक बाजूने एकच आग्रह धरावासा वाटतो. पडदा थोडा लहान चालेल, पण आवाजाची सोय चांगली करावी. टीव्हीच्या अंगच्या स्पीकरवर बॅसूनचा खालचा सूर आणि लांडग्याचे तीन हॉर्न एकमेकांत मिसळून जातात, आणि मग आजोबा व लांडगा यांच्यातला फरकच ऐकू येत नाही. ज्या चित्रपटात पात्रांचा आवाज म्हणजे त्यांचे वाद्य, तिथे हे फार मोठे नुकसान आहे. आम्ही गणेशोत्सवात वापरतो ते मोठे स्पीकर लावले होते, त्यांत खर्ज जास्तच होता, तरी कापसाचे बोळे घालण्याची वेळ आली नाही. खोलीत पूर्ण अंधार करावा. ज्यांना ही वाद्ये आधी ऐकवायची इच्छा असेल त्यांनी ती आदल्या दिवशी ऐकवावीत, चित्रपट चालू असताना नव्हे. याच चालीवर पुढे जायचे असेल, तर मुंबईच्या स्टुडिओ ईकसॉरससाठी सुरेश एरियत यांनी केलेला 'टोकरी' हा मातीच्या बाहुल्यांचा लघुपट पाहावा. बाप-लेकीची ती गोष्ट बोलण्यापेक्षा बघण्यावर विसंबलेली आहे, तिच्यातली मुंबई आपल्या अगदी ओळखीची आहे, आणि प्रोकोफिएव्हच्या मदतीशिवायही हे साधते याचा पुरावा तिच्यात आहे.

माझ्या हिशेबी 'पीटर अँड द वुल्फ'ला पाचपैकी साडेचार तारे. अर्धा त्या दोन पोरांपायी कापला. हा चित्रपट सप्टेंबर 2006 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रथम दाखवला गेला, तेव्हा फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राने पडद्यासमोर बसून सारे संगीत प्रत्यक्ष वाजवले होते, आणि त्यानंतरही इतर शहरांत त्याचे असे प्रयोग झाले आहेत. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे वास्तव्य आहे, म्हणजे वादक तर लोकलच्या अंतरावर आहेत. ठाण्यातल्या घाणेकर नाट्यगृहात किंवा गडकरी रंगायतनात असा एक प्रयोग झाला, तर सकाळी सात वाजता तिकिटाच्या रांगेत उभे राहण्याची माझी तयारी आहे, आणि त्या भिंतीला टेकलेल्या मुलांपैकी दोघांनी मला त्यांचेही तिकीट काढायला सांगून ठेवले आहे.